तंबूची जाळी आणि तिचा गोंद

आषाढ लागला कीं कोल्हापुरांतील अनेक घरांतून पाठीवरच्या पिशव्या माळ्यावरून खालीं उतरतात. १६६० च्या जुलै महिन्यांत सिद्दी जौहरच्या वेढ्यांतून निसटून शिवाजीमहाराज पन्हाळगडाहून विशाळगडाकडे ज्या वाटेनें गेले आणि ज्या वाटेवरील घोडखिंडीस बाजी प्रभु व त्यांच्या सोबत्यांच्या बलिदानामुळें पावनखिंड हें नांव मिळालें, त्याच वाटेनें चालण्यासाठीं महाविद्यालयांतील मुलें-मुली, कचेऱ्यांतील नोकरदार, क्वचित् साठी उलटलेले गृहस्थहि निघतात. मसाई पठार ओलांडून, कुंभारवाडी, खोतवाडी मागें टाकीत पुष्कळांची पहिली रात्र करपेवाडी-आंबेवाडीच्या आसपास पडते. कित्येकांस गांवकऱ्यांच्या पडवीचा आसरा मिळतो. कित्येक आपला तंबू आपणच वाहून नेतात.

हा तंबू म्हणजे मराठ्यांच्या छावणींतील राहुटी नव्हे. राहुटी वाहावयास बैल किंवा तट्टू असे, आणि सुती कापड पावसांत भिजलें म्हणजे तें तट्टूहि वाकत असे. आजचा तंबू माणसाच्या पाठीवर जातो. सिलिकोनचा लेप दिलेल्या पातळ नायलॉनचें वजन चौरस मीटरला ५० ग्रॅमच्या आसपास भरतें; तीन मीटर लांब व तीन मीटर रुंद असें छत अर्ध्या किलोंत बसतें. अमेरिकेंत रे जार्डिन यांनीं १९९२ सालीं प्रसिद्ध केलेल्या हस्तपुस्तकानें पाठीवरील ओझें कमी करण्याचा विचार लांब पल्ल्याच्या पदयात्रिकांत फैलावला, आणि तेव्हांपासून जड तंबूच्या जागीं असें नुसतें छत पसंत करणारे लोक वाढत गेले. अडचण एवढीच कीं, ओझें कमी करतांना बहुधा पहिली गळते ती जाळी. छत राहतें, दोऱ्या राहतात, आणि चारी बाजूंनीं रान मोकळें राहतें.

रानांतील मुक्कामाला जाळी ही चैन आहे असें समजणारे लोक आहेत. भर जुलैच्या वाऱ्यापावसांत त्यांचें म्हणणें पुष्कळसें खरेंहि ठरतें; त्या दिवसांत डासापेक्षां जळू अधिक छळते, आणि राधानगरी-दाजीपूरच्या रानांत पावसाळ्यांत फिरून जळू न लागलेला भटक्या विरळा. परंतु पाऊस ओसरून भाद्रपद-आश्विनांत पाणी डबक्यांत स्थिरावलें, कीं रात्रीचा रंग बदलतो. २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबाद येथें रोनाल्ड रॉस यांस डासाच्या जठराच्या भिंतींत हिवतापाचे जंतु दिसले, तेव्हांपासून डासाचा चावा ही केवळ खाजेची बाब राहिली नाहीं. हिवताप वाहणाऱ्या डासांपैकीं एक जात डोंगरांतील वाहत्या ओढ्यांच्या कांठीं वाढते. म्हणजे पाण्याजवळ सपाट जागा पाहून तंबू ठोकणाऱ्याच्या अगदीं शेजारीं. त्यांत गोचिडीची भर. १९५७ सालीं कर्नाटकांतील क्यासनूर जंगलांत प्रथम ओळखला गेलेला माकडताप २०१६ सालीं चंदगडाला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यांत साथीच्या रूपानें आला. तो गोचिडीच्या चाव्यानें होतो, आणि त्याचा जोर थंडी-उन्हाळ्याच्या कोरड्या महिन्यांत असतो. गोचीड उडत नाहीं, जमिनीवरून चढते. म्हणून छतापासून नुसती लोंबत सोडलेली जाळी तिला अडवीत नाहीं. जाळीची खालची कड अंथरलेल्या कापडाला सलग जोडलेली असेल तरच उपयोग.

जाळी कोणती घ्यावी याचा विचार थोडक्यांत आटोपतो. घरच्या मच्छरदाणीस चौरस इंचाला १५६ भोंकें असलीं म्हणजे डास अडतो. पण रानांतील बारीक चिलटें आणि वालुकामाशी त्यांतून सहज आंत येतात. त्यांच्यासाठीं त्याहून पुष्कळ दाट विणीची जाळी लागते. दाट जाळीनें वारा कमी लागतो हें खरें. सह्याद्रीच्या माथ्यावरील रात्रीं वारा पुरेसा असतो. तेथें दाट जाळी घेण्यांत शहाणपण आहे.

खरें कोडें जाळी छताला जोडावयाचें आहे. शिंप्याकडे गेल्यास तो अर्थात् सुई घेईल. पण शिवण म्हणजे ओळीनें पाडलेलीं भोंकें: तीन मीटर लांबीच्या शिवणींत सेंटिमीटरला तीन टांके धरले तरी नऊशें भोंकें पडतात. राहुटीच्या सुती कापडाला याची फिकीर नव्हती. सूत भिजलें कीं फुगतें, आणि धागा आपलें भोंक आपणच बुजवितो. नायलॉन तसें फुगत नाहीं. शिवाय जाळी बहुधा छताच्या आंतल्या बाजूस, झोपणाऱ्याच्या डोक्यावरच जोडलेली असते. तेथील प्रत्येक टांका पावसांत एक एक थेंब खालीं सोडतो. यास्तव पातळ कापडाच्या तंबूला जाळी चिकटवावी, हा विचार पुढें आला. विचार चांगला आहे. तो ज्यांच्या हातीं फसला, त्यांपैकीं बहुतेकांची चूक एकच असते: गोंद कच्चा नसतो, तो त्या कापडाचा नसतो.

चिकटविण्याची विद्या कोल्हापूरकरांस नवी नाहीं. घोंगडी विणणारे सणगर लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. खळ धाग्याला धरते, कारण लोकर आणि चिंचोका यांचें पाण्याशीं जमतें. पाण्याबरोबर खळ धाग्याच्या अंगांत शिरते आणि वाळून तेथेंच बसते. कागदाला गव्हाची खळ, लाकडाला सरस, हें सारें त्याच जातीचें. नायलॉनवरील सिलिकोनच्या लेपाचा धर्म याच्या अगदीं उलट. पाणी त्याला धरत नाहीं, मोत्यासारखें घरंगळून जातें, आणि त्यासाठींच तर तो लेप दिलेला असतो. जो पाण्याला धरत नाहीं, तो बहुतेक गोंदांनाहि धरत नाहीं. सुताराचा पांढरा गोंद त्यावर वाळतो आणि पापुद्र्यासारखा निघून येतो. क्षणांत चिकटणारा पातळ गोंद कडक होतो व तंबूची घडी घालतांच तडकतो. सिलिकोनला धरतें तें सिलिकोनच. मत्स्यपेटीच्या कांचा जोडावयास आणि खिडकीच्या फटी बुजवावयास नळींतून मिळणारें, घट्ट मलमासारखें सिलिकोन.

मात्र बाजारांतील सगळेच तंबू सिलिकोनचे नसतात. पुष्कळांच्या कापडाला पॉलियुरेथेनचा लेप असतो, आणि कित्येकांस बाहेरून सिलिकोन व आंतून पॉलियुरेथेन असा दुहेरी लेप असतो. पॉलियुरेथेनला पॉलियुरेथेनचाच गोंद हवा. दुहेरी लेपाच्या कापडाला बाहेरची बाजू पाहून सिलिकोन लावणारा माणूस आंतल्या बाजूस फसतो, आणि ही फसगत महाग पडते. कारण एकदां सिलिकोनचा हात लागला कीं त्या जागीं मागाहून योग्य गोंदहि नीट बसत नाहीं. पुसून काढलें तरी त्याचा अदृश्य थर मागें उरतो.

बाजू ओळखावयास प्रयोगशाळा लागत नाहीं. लिफाफ्यावर लावावयाची साधी चिकटपट्टी कापडाच्या कोपऱ्यावर दाबावी. सिलिकोनवर ती जेमतेम बसते आणि उचलतांच निघते. पॉलियुरेथेनवर ती धरते व ओढून काढावी लागते. हा प्रयोग दोन्ही बाजूंनीं करावा. जुना तंबू असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी. पॉलियुरेथेनचा लेप दमट हवेंत वर्षानुवर्षें घडी करून ठेवल्यास कुजतो. त्याला आंबूस वास येतो, हाताला चिकट लागतो आणि पापुद्रे सुटतात. ज्यानें पावसाळाभर ओलसर तंबू माळ्यावर तसाच टाकला, त्याच्या घरीं हें हमखास आढळतें. अशा लेपावर उत्तमांतील उत्तम गोंद लावला तरी तो त्या मेलेल्या लेपालाच धरणार, आणि लेप कापडाला सोडून देणार. तेथें जाळी जोडण्याचा खटाटोप करूं नये.

गोंद योग्य मिळाला, तरी सांधा कसा बसवावा हें राहतेंच. लिफाफ्यावरील तिकीट सपाट सरकवून काढावयाचा प्रयत्न कोणी केला तर तें फाटेल, पण निघणार नाहीं. तेंच कोपरा धरून उचललें तर अलगद सोलून येतें. गोंद तोच, कागद तोच. फरक ताणाच्या दिशेचा. चिकटलेल्या पट्टीच्या लांबी-रुंदीलगत ओढ बसली कीं सगळा पृष्ठभाग मिळून ती सोसतो. उभी ओढ बसली कीं सारा भार एका कडेवर येतो, ती सुटते, मग पुढची सुटते. छताच्या कांठाला नुसती चिकटवून खालीं सोडलेली जाळी रात्रभर वाऱ्यानें हालते तेव्हां नेमका हाच सोलणारा ताण तिच्यावर पडतो. पहांटे ती हातभर निघालेली आढळते, आणि मालक गोंदाला दोष देतो.

उपाय अवघड नाहीं. छताच्याच कापडाची दोन बोटें रुंद पट्टी घ्यावी. तिचा वरचा अर्धा भाग छताच्या आंतल्या बाजूस चिकटवावा आणि खालचा अर्धा मोकळा लोंबूं द्यावा. जाळी जोडावयाची ती या लोंबत्या भागाला. म्हणजे जाळी खालीं ओढते, पट्टीहि खालींच उतरते, आणि जाळीच्या सांध्यावर ओढ लांबीलगतच राहते. छतावरील सांध्याला थोडा सोलणारा ताण उरतो, पण जाळीपेक्षां कापड घट्ट विणीचें असल्यामुळें तो रुंदीभर वांटला जातो. पट्टीचीं टोकें चौकोनी ठेवूं नयेत, गोल कापावींत; सोलण्याची सुरुवात करावयास वाऱ्याला कोपरा मिळतां कामा नये.

प्रत्यक्ष काम घराच्या दिवाणखान्यांत होण्यासारखें आहे, मात्र खिडक्या उघड्या हव्यात. नळींतील कांहीं सिलिकोनला वाळतांना शिरक्याचा उग्र वास येतो. पॉलियुरेथेनच्या गोंदांतील पातळ द्रव पेट घेणारा असतो. स्वयंपाकघरांत शेगडी पेटलेली असतांना शेजारच्या खोलींत हा उद्योग मांडूं नये. सपाट फळीवर मेणकागद पसरावा, कापड त्यावर ताणून ठेवावें, आणि जोडावयाची रेघ खडूनें आंखून ती जागा स्पिरिटच्या बोळ्यानें पुसावी. नव्या कापडावरहि कारखान्यांतील तेलकटपणा असतो. टांचण्या लावण्याचा मोह येतो. पण टांचणी म्हणजे पुन्हां भोंकच. जाळीचीं टोकें कापडाला न बांधतां फळीलाच चिकटपट्टीनें धरून ठेवावींत. मग बिनसुईच्या पिचकारीनें गोंदाची बारीक, सलग वळी रेघेवर सोडावी, जाळी तिच्यावर ठेवावी आणि जुन्या पत्त्याच्या कडेनें वरून एकदांच सपाट ओढावें. गोंद जाळीच्या भोंकांतून वर येऊन धाग्यांभोंवतीं मिटला पाहिजे. येथें जाळीचा एक मोठा गुण कामास येतो. सपाट कापडाला गोंद फक्त पृष्ठभागानें धरतो. जाळीला मात्र तो आरपार जाऊन कवटाळतो, आणि वाळल्यावर प्रत्येक भोंकांत एक एक बारीक गुंडी बसल्यासारखी होते. म्हणून जाळीच्या बाजूनें असा सांधा फारसा सुटत नाहीं. सुटला तर कापडाच्या बाजूनें सुटतो, आणि पुसण्याची खबरदारी तेथेंच घ्यावयाची असते.

यापुढील भाग कोल्हापूरच्या हवेच्या बाजूचा आहे. पावसाळ्यांत येथें खळ वाळत नाहीं, पापडहि वाळत नाहींत, आणि चिकटविण्याचें कोणतेंहि काम दिवाळीनंतर काढावें असा घरोघरचा अनुभव. नळींतील सिलिकोन आणि तंबूसाठींचा पॉलियुरेथेन गोंद हे मात्र पाणी सोडून वाळणारे नव्हेत. ते हवेंतील ओलावा घेऊन घट्ट होतात. राजस्थानच्या कोरड्या हवेंत त्यांस जो वेळ लागेल, त्याहून आषाढांतल्या कोल्हापुरांत कमी लागतो. अट इतकीच कीं, हवा दमट असली तरी कापड कोरडें हवें. वरून घट्ट बसणारें प्लास्टिक झांकूं नये, नाहींतर ओलावा आंत पोंचत नाहीं. घट्ट होण्याची क्रिया बाहेरून आंत जाते. म्हणून जाड वळी वरून सुकलेली दिसली तरी आंत ओलीच असूं शकते. एक दिवस-रात्र सांध्याला हात लावूं नये हें बरें, आणि प्रवासाच्या आदल्या संध्याकाळीं हें काम काढणें तर सर्वथा वर्ज्य.

असा एखादा तरुण डोळ्यांपुढें आणावा: निघण्याच्या आदल्या रात्रीं मिळेल त्या गोंदानें त्यानें जाळी चिकटविली, पहांटे घडी केली, आणि करपेवाडीच्या माळावर अंधार पडल्यावर घडी उलगडली. जाळी जाळीलाच चिकटलेली, छत मोकळें. रात्रभर त्याला झोप नाहीं. दुसऱ्या दिवशीं पांढरपाण्याकडची निसरडी वाट, डोळ्यांवर झांपड, पाठीवर भिजलेलें ओझें. डोंगरांत पाय घसरण्याचें कारण पुष्कळदां आदल्या रात्रींच्या अंथरुणांत सांपडतें, आणि त्याची नोंद कुठेंच होत नाहीं. चिकटपट्टीच्या दोन मिनिटांच्या प्रयोगानें टळण्यासारखी ही गोष्ट आहे.

नायलॉनच्या आणखी एका खोडीचा येथें उल्लेख केला पाहिजे. तें ओलावा शोषतें आणि भिजलें म्हणजे सैल पडतें; संध्याकाळीं ताठ बांधलेलें छत मध्यरात्रीं पोटासारखें खालीं येतें. जाळी बहुधा पॉलिएस्टरची असते, आणि पॉलिएस्टर पाणी जवळजवळ शोषीत नाहीं. एक लांबतें, दुसरें जागचें हालत नाहीं, आणि मधल्यामध्यें सांधा ताणला जातो. सिलिकोन रबरासारखें असल्यामुळें हा ताण बऱ्यापैकीं झेलतें. कडक वाळणारा गोंद झेलीत नाहीं. तथापि सगळा भार गोंदावर टाकण्यापेक्षां जाळी कापतांनाच तिला ठायीं ठायीं थोडी झोळ ठेवणें चांगलें. ताठ बसविलेली जाळी दुकानांत सुबक दिसते, पण झोपणाऱ्याचा खांदा तिला टेकला कीं डास बाहेरून चावतो. थोडी अधिक जाळी आणि अंतर हेंच येथें हिताचें.

गोंदानें सुईला कायमची रजा मिळाली असें समजूं नये. येण्याजाण्याच्या वाटेवरील सांखळी, दोऱ्या बांधावयाचे कोपरे, जेथें मुठीनें धरून ओढलें जातें अशा जागा, या शिवाव्यात आणि मग शिवणीवर गोंदाचा हात फिरवावा. जार्डिन यांच्यासारखे घरीं तंबू करणारे लोक सुई-दोऱ्याचेच उपासक होते, आणि त्यांचे तंबू हजारों मैल टिकले. गोंदाची खरी जागा जाळी आणि छत यांच्या लांब, सरळ, कमी ओढीच्या कडांवर आहे; तेथें तो भोंकें वाचवितो आणि वजनहि फारसें वाढवीत नाहीं. खालच्या कडेला, जेथें गोचिडीचें भय, तेथें दोन्ही वापरण्यास हरकत नाहीं. अंथरलेल्या कापडाच्या कडा वीतभर वर उचलून घेतल्या असतील, तर शिवण जमिनीवरील पाण्याच्या वर राहते आणि गळण्याचा प्रश्न फारसा येत नाहीं.

वाळलेल्या सिलिकोनचा सांधा कित्येक दिवस किंचित् चिकट राहतो व धूळ ओढतो. घरांत शंखजिऱ्याची पूड असेल तर ती चिमूटभर सांध्यावर चोळून झटकावी. म्हणजे घडींत जाळी कापडाला चिकटत नाहीं. त्यानंतर निघण्यापूर्वीं आठवडाभर तरी आधीं एका पावसाळी संध्याकाळीं तो तंबू गच्चीवर उभारावा, आंत विजेरी टांगावी आणि घरांतील एखाद्या लहान मुलास तिच्याजवळ तासभर पहाऱ्यास बसवावें. जेथून चिलट आंत येऊन उजेडाभोंवतीं फिरूं लागेल, तेथील कडेवर त्यानें खडूची खूण करावी. ती कड दुसऱ्या दिवशीं पुसून पुन्हां जोडावयाची.